तिवरांची वजाबाकी

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातलं कांदळवन २०१५ साली २२२ चौरस किलोमीटर होतं, २०१७ साली ३०४. आकडा सुखावणारा आहे. पण नजर ठेवण्याच्या कामी तो फारसा येत नाही, कारण त्यात आलेलं आणि गेलेलं एकमेकांत जिरून गेलेलं असतं. ठाणे खाडीत गाळ साचतो आणि नव्या चिखलावर तिवरं आपसूक पसरतात. त्याच काळात जमिनीकडच्या बाजूला भराव पडून जुनी झाडं गेली, तर बेरीज जागची हलत नाही. नवी तिवरंही तिवरंच ना, असं कुणी म्हणेल. आहेतच, पण ती पुढे खाडीत आली आणि गेली ती मागच्या, वस्तीलगतच्या काठावरून. म्हणून वाढ आणि घट वेगळ्या रकान्यांत, जागेनिशी आणि तारखेनिशी लिहायला हवी.

अशी नोंद उपग्रह देऊ शकतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त परतवतं. या दोहोंच्या तफावतीवरून झाडोऱ्याची तब्येत कळते. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं दहा मीटरच्या चौकटींत, साधारण पाच दिवसांनी मिळतात. तिवर मारायला कुऱ्हाड लागतेच असं नाही. बांध घातला, उघाडी (पाणी ये-जा करण्याची वाट) बुजवली, की भरतीचं पाणी थांबतं आणि झाडं उभ्या उभ्या सुकतात. चित्रात आधी बांधाची रेघ उमटते, मग तिच्या मागची हिरवाई महिन्यामहिन्याने उतरत जाते. मात्र उपग्रह दरवेळी सकाळी ठरल्या वेळी येतो आणि भरतीची वेळ सरकत राहते. भरतीला काठावरची रोपं पाण्याखाली गेली, तर तीही मेल्यासारखी दिसतात. ओहोटीचं चित्र ओहोटीच्याच चित्राशी, फेब्रुवारी फेब्रुवारीशीच ताडायला हवा.

पावसाळ्यात ढग आडवे येतात, ही अडचण खरी (भराव टाकणाऱ्यांची सोयही). रडार ढगांतून पाहतं, पण पानांचा रंग सांगत नाही. दोन-चार झाडांची तोडही निसटते. तिथे पायी गस्तच हवी. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनाच्या नाशाला मनाई करून भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला, तेव्हापासून वाद होतो तो एखाद्या सर्व्हे नंबरचा, राज्याच्या बेरजेचा नव्हे. ‘इथे तिवर कधी नव्हतंच’ हा दावा लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या चित्रांवर तपासता येतो. ती २००८ पासून मोफत आहेत. पन्नास मीटरची हद्द मात्र त्यांच्या तीस मीटरच्या चौकटींनी आखता येत नाही. त्यासाठी मोजणीदारालाच चिखलात उतरावं लागतं.