फुटबॉलचा खेळ कंटाळवाणा आहे काय ?

क्रिकेट, कबड्डी, कुस्ती इत्यादि खेळांचे चाहते फुटबॉलवर एक आक्षेप नेहमीं घेतात. बावीस गडी दीड तास ऊर फुटेपर्यंत धांवतात आणि शेवटीं पाहावें तों गोल एक किंवा दोन. कित्येकदां तर एकही नाहीं! क्रिकेटमध्यें शेंकडों धावा निघतात, कबड्डींत दर चढाईला कोणी ना कोणी बाद होण्याचा संभव असतो, कुस्तींत एखाद्या डावानें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच निकाल लागतो. मग ज्या खेळांत बहुतेक वेळ कांहींच पदरांत पडत नाहीं, त्यांत गोडी ती कोणती ? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्यांत तथ्य आहे. परंतु जेथें हें तथ्य आहे, तेथेंच या खेळाच्या मोहिनीचेंही मूळ आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम आक्षेपांतील खरा भाग पाहूं. स्वित्झर्लंडमध्यें १९५४ सालीं झालेल्या जागतिक स्पर्धेंत २६ सामन्यांत १४० गोल झाले; म्हणजे दर सामन्यास पांचांहून अधिक. इटलींतील १९९० च्या स्पर्धेंत मात्र ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. दर सामन्यास सव्वादोनही पडले नाहींत. कतार येथें २०२२ सालीं ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. तरी ढोबळ मानानें अर्ध्या तासाला एक गोल, एवढाच हिशेब निघतो. तेव्हां केवळ गोल पाहावयाच्या इच्छेनें जो मैदानावर जाईल, त्यास बराच वेळ जांभया देत बसावें लागेल, हें निर्विवाद आहे.

आतां या दुर्मिळतेची दुसरी बाजू पाहा. ज्या खेळांत गुण पुष्कळ मिळतात, त्यांत एकेका गुणाचें मोल थोडें असतें. तेथें दैवाचे फांसे उभय पक्षांस सारखेच पडत जातात आणि अखेर जो बलवान् तोच बहुधा वर येतो. परंतु जेथें एका गोलावर निकाल अवलंबून, तेथें दुबळ्यास शेवटच्या मिनिटापर्यंत आशा आणि बलवानास शेवटच्या मिनिटापर्यंत धास्ती असते. ता. २९ जून १९५० रोजीं ब्राझील देशांतील बेलो होरिझोंते या शहरीं इंग्लंड व अमेरिका यांचा सामना झाला. इंग्लंडचा संघ नामांकित. अमेरिकेचे बहुतेक गडी पोटासाठीं दुसराच व्यवसाय करणारे. अडतिसाव्या मिनिटाला जो गेटजेन्स यानें डोक्यानें चेंडू वळवून गोल केला. त्यानंतर इंग्लंडनें हल्ल्यामागून हल्ले केले, पण ती एका गोलाची आघाडी कांहीं केल्या तुटली नाहीं. उत्तरार्धाचीं पंचेचाळीस मिनिटें गोलाविना गेलीं. तीं कंटाळवाणीं होतीं असें कोण म्हणेल?

आपल्या देशांतील उदाहरण याहून जुनें आहे. ता. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत मोहन बागान संघाची गांठ ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघाशीं पडली. मोहन बागानच्या अकरांपैकीं दहा गडी अनवाणी खेळत होते. पहिला गोल पलटणीनें केला. पुढें शिवदास भादुरी यांनीं बरोबरी साधली आणि खेळ संपण्यास थोडींच मिनिटें उरलीं असतां अभिलाष घोष यांनीं विजयाचा गोल केला. हिंदी संघानें ती ढाल जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. सबंध सामन्यांत गोल झाले तीन. परंतु त्या तिसऱ्या गोलाचें मोल संख्येनें कसें मोजावें?

तथापि दुर्मिळतेची गोडी कळण्यास दृष्टि तयार असावी लागते, आणि हें एकट्या फुटबॉलपुरतें खरें नाहीं. नाशिक येथें जन्मलेले बापू नाडकर्णी यांनीं १९६४ सालीं मद्रासच्या कसोटी सामन्यांत इंग्लंडविरुद्ध ओळीनें २१ षटकें एकही धाव न देतां टाकलीं. अजाण प्रेक्षकास तेथें कांहींच घडलें नाहीं असें वाटेल. जाणत्यास मात्र चेंडू पुनःपुन्हां त्याच टप्प्यावर टाकण्यांतली हुकमत दिसेल. कुस्तींतही दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून बराच वेळ खडाखडी करतात. नवखा कंटाळतो, वस्तादाला मात्र कोण कोणाचा दम काढीत आहे हें समजतें. कोल्हापुरास फुटबॉलची एवढी आवड आहे आणि तेथील पाटाकडील, खंडोबा इत्यादि संघ तालमींचींच नांवें धारण करतात, ही गोष्ट या संबंधांत लक्षांत घेण्याजोगी आहे.

मग फुटबॉल पाहतांना नजर कोठें ठेवावी ? खोखोंत जाणता प्रेक्षक केवळ पळणाऱ्याकडे न पाहतां आतां कोणता गडी खो घेऊन उठणार इकडे लक्ष ठेवतो. तसेंच येथें करावें. चेंडू एका वेळीं एकाच्याच पायाशीं असतो. उरलेले एकवीस गडी काय करतात तें पाहावें. आघाडीचा एखादा गडी चेंडू मिळणार नाहीं हें ठाऊक असूनही एका बगलेस धांवत सुटतो. त्याच्यामागें बचाव करणारा ओढला जातो, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेंत तिसराच गडी शिरतो. गोल त्या तिसऱ्याच्या नांवावर लागतो. परंतु तो घडविला पहिल्यानें. हें एकदां दिसूं लागलें म्हणजे गोल न झालेलीं मिनिटें रिकामीं वाटेनाशीं होतात.

इतकें म्हटल्यावरही कांहीं सामने खरोखरच कंटाळवाणे असतात, हें कबूल केलें पाहिजे. पण त्याचें कारण गोलांची उणीव नसून जिंकण्याच्या इच्छेची उणीव हें होय. स्पेनमधील गिहोन येथें ता. २५ जून १९८२ रोजीं पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा सामना झाला. गटांतील इतर सामने आधींच संपले असल्यामुळें जर्मनी एका गोलानें जिंकल्यास दोघांचाही पुढील फेरींत प्रवेश होईल आणि अल्जीरिया बाहेर पडेल, हा हिशेब दोघांसही ठाऊक होता. दहाव्या मिनिटाला जर्मनीनें गोल केला. पुढें दोन्ही पक्षांनीं चेंडू आपापसांत फिरवीत वेळ काढला, आणि प्रेक्षकांनीं आपला संताप उघड व्यक्त केला. तेव्हांपासून धडा घेऊन गटांतील अखेरचे सामने एकाच वेळीं खेळविण्याची पद्धति सुरू करण्यांत आली.

या खेळाच्या नियमकर्त्यांनींही वेळोवेळीं असाच जागरूकपणा दाखविला आहे. १९२५ पूर्वीं चेंडू पुढें दिला जातांना तो घेणारा गडी आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. नाहीं तर ऑफसाइड होई. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन यासारखे चतुर बचावपटू नेमके पुढें सरकून प्रतिपक्षास या जाळ्यांत पकडीत आणि खेळ वारंवार थांबे. त्या वर्षीं तिहींच्या जागीं दोन करण्यांत आले. परिणाम असा झाला कीं, इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींतील ४६२ सामन्यांत आदल्या हंगामांत १,१९२ गोल झाले होते, ते १,७०३ वर गेले. पुढें १९९० ची ती रुक्ष स्पर्धा पाहिल्यावर, सोबत्यानें मुद्दाम पायानें मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये, असा नियम १९९२ सालीं झाला. जागतिक स्पर्धेंत विजयास दोनांऐवजीं तीन गुण देण्याचा प्रघात १९९४ पासून पडला. हेतु हा कीं, बरोबरींत समाधान मानण्याची वृत्ति कमी व्हावी.

सारांश, फुटबॉल जात्याच कंटाळवाणा नाहीं आणि जात्याच चित्तथरारकही नाहीं. खेळणाऱ्यांनीं मनापासून जिंकूं पाहावें, नियमकर्त्यांनीं पळवाटा बुजवाव्या आणि पाहणाऱ्यांनीं गोलापलीकडे पाहावें, म्हणजे तो रंगतो. यांतील एक जरी चुकला तरी तो फिका पडतो. पालकांनींही आपल्या मुलाचा सामना पाहून परततांना “किती गोल केलेस ?” एवढेंच विचारूं नये. ज्यानें रिकाम्या जागेकडे धांवून सोबत्यास वाट करून दिली, त्याच्या नांवावर एकही गोल लागत नाहीं. पण त्याच्याविना गोल होतही नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या सामन्याच्या वेळीं मैदानाच्या कडेला उभे राहिल्यावर चेंडूवरील नजर क्षणभर काढा आणि त्या गड्याला शोधा.