अठरा हजार सातशेची बुलेट

काही वर्षांपूर्वी एक जुनं बिल मोबाईलवरून देशभर फिरलं. बोकारोतल्या एका दुकानाचं, जानेवारी 1986चं. एन्फिल्ड बुलेट 350, सगळा खर्च धरून रस्त्यावर येईपर्यंत 18,700 रुपये. कोल्हापूरजवळच्या कळंब्यासारख्या ठिकाणी, जिथं गारगोटी रस्त्यावरून दिवसभर बुलेटचा ठोका ऐकू येतो, तिथं अशा बिलावर एकच शेरा पडणार: ‘काय स्वस्ताई होती!’

खरंच होती का?

नवी बुलेट 350 सप्टेंबर 2023 मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत साधारण 1 लाख 74 हजारांपासून सुरू झाली. रस्ता कर, विमा धरला की आकडा दोन लाखांच्या पुढे जात होता. आपण 2 लाख 10 हजार धरू. जुनं बिलही सगळ्या खर्चासकट होतं, म्हणून तुलनाही तशीच हवी. शोरूमची किंमत एका बाजूला आणि सगळ्या खर्चाची दुसऱ्या बाजूला ठेवली, तर हिशेब पहिल्याच पायरीवर फसतो. 18,700 चे 2 लाख 10 हजार, म्हणजे रुपयांत किंमत सव्वाअकरा पट झाली.

आता त्याच काळात बाकीचा संसार किती महागला? लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांच्या घरखर्चावरून दरमहा एक निर्देशांक काढतो. त्यासाठी भाव गोळा होणाऱ्या शहरांत सोलापूर आहे, पुणे आहे. पायाभूत वर्ष 1982 धरून तेव्हाचा निर्देशांक 100 मानला, तर 1985-86 ची सरासरी 126च्या आसपास येते. सप्टेंबर 2023 चा आकडा मात्र 137.5! सदतीस वर्षांत महागाई वाढलीच नाही? तसं नव्हे. 1982 नंतर पायाभूत वर्ष दोनदा बदललं, आधी 2001 आणि मग 2016. लोकांच्या घरातला खर्च बदलतो, म्हणून मोजायच्या वस्तूंची यादीही बदलावी लागते. जुनी आणि नवी मालिका जोडायला ब्युरो गुणक देतो: 2016 वरून 2001 कडे जायला 2.88, तिथून 1982 कडे 4.63. गुणाकार करा, 137.5चे साधारण 1,833 होतात. भागिले 126, म्हणजे साडेचौदा पट.

18,700 ला साडेचौदाने गुणलं की 2 लाख 71 हजार येतात. बुलेट 2023 मध्ये मिळत होती 2 लाख 10 हजारांत. म्हणजे खऱ्या अर्थानं ती जवळजवळ पाव हिश्श्यानं स्वस्त झाली.

हे सांगितलं की कुणी ना कुणी प्राप्तिकराचा तक्ता पुढे करतो. जमीन विकताना लागणारा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स तो. त्यानुसार 1985-86 ते 2023-24 वाढ अकरा पटच भरते आणि बुलेटची किंमत जिथल्या तिथं राहिली असं दिसतं. पण तो निर्देशांक महागाई पूर्ण मोजतच नाही, भाववाढीचा फक्त 75 टक्के हिस्सा धरतो. करवसुलीसाठी बनवलेलं माप आहे ते, संसार मोजायला वापरू नये.

कोल्हापूरच्या गुजरीतलं, म्हणजे सोन्याचं माप लावलं तर? 1986 मध्ये दहा ग्रॅम सोनं साधारण 2,100 रुपये होतं, 2023च्या सप्टेंबरात साठ हजारांच्या आसपास. तेव्हाची बुलेट जवळजवळ नऊ तोळ्यांची, 2023ची साडेतीन तोळ्यांची. यातून बुलेटपेक्षा सोन्याबद्दलच जास्त कळतं.

करवीर तालुक्याला शोभेल असं माप उसाचं. 1985-86 मध्ये केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर क्विंटलला 16 रुपये 50 पैसे होता, टनाला 165. 2023-24 चा तसाच केंद्राचा दर, म्हणजे एफआरपी, टनाला 3,150. थेट भागाकार केला तर तेव्हा बुलेटला 113 टन ऊस लागायचा, 2023-24 मध्ये 67. पण थांबा. जुना दर साखरेच्या साडेआठ टक्के उताऱ्यावर होता, नवा सव्वादहा टक्क्यांवर. जुना दर त्याच प्रमाणात सव्वादहावर नेला की टनाला 199 रुपये होतात आणि 113 चे 94 टन उरतात. एकरी चाळीस टन धरले, तर तेव्हा सव्वादोन एकरांहून थोडा जास्त ऊस घालावा लागायचा, 2023-24 मध्ये पावणेदोनही पुरत. कारखाने प्रत्यक्षात किती देतात आणि कधी देतात, हा वेगळा विषय!

आणखी एक गाठ आहे. दोन्ही गाड्या ‘बुलेट 350’ असल्या तरी एकच वस्तू नाहीत. जुनीला किक मारायची, गिअर उजव्या पायात, कार्बुरेटर. नवीला बटण स्टार्ट, इंधन इंजेक्शन, पुढे डिस्क ब्रेक, एबीएस, बीएस-6चा धूर. हे सगळं जुन्या गाडीला लावायचं म्हटलं तर 18,700 मध्ये झालं नसतं. संख्याशास्त्रज्ञ अशा सुधारणेची किंमत वेगळी काढायचा प्रयत्न करतात. ती धरली की नवी बुलेट आणखी स्वस्त ठरते. ठोक्याच्या आवाजाची किंमत मात्र कुठल्याच पद्धतीत बसत नाही, आणि जुन्या बुलेटवाल्यांचं भांडण तिथंच असतं.

उलट बाजूही आहे. परमिटच्या त्या काळात बिलावरची किंमत हीच खरी किंमत असेल असं नव्हतं. बजाजच्या स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, आणि लवकर हवी तर ‘ऑन’ देऊन घ्यावी लागे. ते वरचे पैसे कुठल्याच बिलात सापडत नाहीत.

हा हिशेब 2023 च्या भावाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. बुलेटचं इंजिन 349 सीसीचं आहे, तेव्हा वरचे 67 टन पुन्हा मोजायला हवेत.