बियाण्यातले पंचांग

वनस्पतीला डोळे नाहीत, म्हणून ती आंधळी आहे असे समजण्याचे कारण नाही. उजेडाचा रंग, रात्रीची लांबी, मातीतला ओलावा, हवेतला गारवा यांची नोंद ती सतत घेत असते आणि वाढायचे केव्हा, फुलायचे केव्हा, हे त्यावरून ठरवते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात शिकवली जाणारी ही गोष्ट शेतकऱ्याच्या जमाखर्चाशीही निगडित आहे, याचे भान मात्र शेतीच्या नियोजनात अभावानेच आढळते.

1920 साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणाचे कोडे उलगडले. हा वाण उन्हाळ्यात शेतात उंचच उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचगृहात मात्र फुले. रोपे रोज काही तास अंधारात ठेवून त्यांनी दिवस आखूड केला, तेव्हा ती भर उन्हाळ्यात फुलली. झाड खरे मोजते ती रात्र, हे पुढे कळले. लांब रात्रीच्या मध्यावर दिवा लावला, तर हा हिशेब चुकतो. शेवंतीची फुले लांबवण्यासाठी हीच युक्ती योजतात. पानातले ‘फायटोक्रोम’ हे रंगद्रव्य उजेड टिपते आणि पानातून शेंड्याकडे निरोप जातो. त्या निरोप्याला 1930 च्या दशकात ‘फ्लोरिजेन’ हे नाव मिळाले. तो एक प्रथिन आहे, हे 2007 साली स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील खरीप ज्वारीचे गावरान वाण याच पंचांगाने चालत. पेरणी मृगावर होवो की उशिरा, फुलोरा येई तो दिवस लहान झाल्यावर, पाऊस सरता सरता. आणि दाणा भरे तो कोरड्या हवेत. 1964 साली देशातला पहिला संकरित ज्वारी वाण, सीएसएच-1, प्रसारित झाला. लवकर तयार होणारा आणि भरघोस उताऱ्याचा हा वाण दिवसाच्या लांबीला फारसे जुमानत नव्हता. परंतु परतीच्या पावसात कणीस सापडले की दाण्यावर बुरशी चढे आणि काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळत नसे. उत्पादनाच्या तक्त्यात क्विंटल वाढले. जोखमीसाठी मात्र त्या तक्त्यात रकानाच नव्हता. तो भार एकट्या शेतकऱ्याने उचलला.

याचा अर्थ संकरित बियाणे ही चूक होती, असा नव्हे. दिवसमानाची पर्वा न करणारा बोरलॉग यांचा गहू मेक्सिकोप्रमाणे पंजाबातही पिकला आणि त्याने देशाला अन्नटंचाईतून सावरले. पण जो गुण गव्हाला वरदान ठरला, तोच पावसात उभ्या असलेल्या ज्वारीला भोवला. एका पिकाचे यश दुसऱ्या पिकाचा नियम होऊ शकत नाही.

आता पेच अधिक बिकट आहे. सूर्याचे वेळापत्रक अढळ आहे, पण पावसाचे बदलते आहे. वायव्य भारतातून मान्सून परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने 2020 साली 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर नेली. अशा वेळी जुन्या वाणाचे पंचांगही चुकू शकते. म्हणूनच निरनिराळ्या वेळी फुलणारे अनेक वाण जपणे, हाच विवेकाचा विमा होय. हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’च्या बियाणे-पेढीत ज्वारीचे हजारो नमुने सुरक्षित आहेत. परंतु पेढीतली ठेव व्यवहारात आली तरच तिचे भांडवल होते. वाणाची शिफारस करताना उताऱ्याबरोबरच त्याच्या फुलण्याची वेळ आणि गावचे पर्जन्यमानही तपासले गेले, तरच ही ठेव शेतकऱ्याच्या पदरात पडेल.