काळा प्लग आणि तेलाची वाट
विमान-इंजिनाची जडणघडण : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण रोटरी इंजिनाची रचना पाहिली. क्रँकशाफ्ट विमानाला जखडलेला, आणि सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरणारे. फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी 1909 च्या सुमारास आणलेलं ‘नोम’ इंजिन या रचनेमुळेच हलकं झालं. पण ते तेल खाई आणि प्लग काळे करी. या दोन तक्रारी मुळात एकच आहेत, असं माझं म्हणणं आहे. पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जाई. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ झालं असतं, म्हणून सहज न विरघळणारं एरंडेल वापरावं लागे. हे तेल टाकीत परत येण्याची सोय नव्हती. केंद्रोत्सारी जोराने ते सिलिंडरच्या माथ्याकडे, म्हणजे प्लगच्याच दिशेने फेकलं जाई. प्लगच्या अभ्रकावर त्याची काजळी बसली की ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोची वीज फटीत ठिणगी न पाडता काजळीतूनच गळून जाते.

मग जास्त तापणारा प्लग बसवून काजळी जाळून टाकता आली नसती का? काही प्रमाणात आली असती. पण असा प्लग पूर्ण जोरावर लालबुंद होतो आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतो. काजळीच्या जागी पिस्टन जळण्याची भीती येते. नोमच्या ‘मोनोसुपाप’ इंजिनाचा अनुभव इथे बोलका आहे. त्यात वेग कमी करायला वैमानिक इग्निशन तोडत असे. विझलेल्या सिलिंडरमध्ये तेल आणि पेट्रोल येतच राही आणि प्लग ओले होत. म्हणून पुढच्या इंजिनात सिलिंडर आळीपाळीने विझवणारा स्विच आला. उपाय हुशारीचा होता, पण तेलाची वाट तशीच राहिली.

ब्रिटिश अभियंता डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी खोलवर हात घातला. ‘क्लर्जे’ या रोटरी इंजिनाच्या पोलादी सिलिंडरची वाऱ्याला सामोरी बाजू थंड आणि मागची तापलेली राही. सिलिंडर वाकडा होई, आणि पिस्टनभोवतीची फट बंद करणारी पातळ ओबच्युरेटर रिंग लवकर निकामी होई. बेंटलींनी अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर, ओतीव लोखंडाचं लायनर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन वापरला. उष्णता सारखी पसरली, सिलिंडरची गोलाई टिकली. त्यांचं बी.आर.1 इंजिन विश्वासार्ह ठरलं, तरी तेल जाळतच राहिलं.

रोटरी इंजिनांनी 1918 पर्यंत पहिलं महायुद्ध लढवलं, मग हा दोष इतका मोठा कसा, असं कुणी विचारील. दोन-अडीच तासांच्या उड्डाणाला तो चालून गेला, हे खरं. ‘सॉपविथ कॅमल’ साधारण अडीच तासांसाठी सुमारे 30 लिटर तेल घेऊन उडे. लांबच्या प्रवासाला हा हिशेब परवडणारा नव्हता. सिलिंडर स्थिर ठेवणाऱ्या रेडियल इंजिनात मिश्रण क्रँककेसबाहेरून आलं, पंप तेल परत टाकीत आणू लागला, आणि पिस्टनच्या रिंगा जादा तेल खरवडू लागल्या. प्लगला कमी तेल मिळालं, म्हणून तो स्वच्छ राहिला. 1927 मध्ये अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग ‘राइट जे-5’ या रेडियल इंजिनावर साडेतेहतीस तास न थांबता उडून पॅरिसला उतरले; त्यांच्या तेलाच्या टाकीत मावत होतं जेमतेम 95 लिटर.