संमतीचे वाक्य आणि ई-पत्रिकेची यादी

मराठी नियतकालिकाच्या वाचकास दोन जुनी नावे आहेत. ‘वर्गणी’ ह्या शब्दास ‘दार’ हा फारसी प्रत्यय लागून ‘वर्गणीदार’ झाला. संस्कृत ‘ग्रह्’ धातूपासून ‘ग्राहक’ आला. पहिल्या शब्दात वाचक देणारा आहे, दुसऱ्यात घेणारा. परंतु दोहोंतही क्रियेचा कर्ता वाचकच आहे. ईमेलने पाठवल्या जाणाऱ्या पत्रिकेच्या बाबतीत नेमका हा कर्ता हरवण्याचा संभव असतो. तेथे बहुधा वर्गणी नसते, टपालहशील नसते, आणि कोणाचाही पत्ता कोणीही यादीत घालू शकतो. अशा पत्रिकेची यादी कशी वाढवावी, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी हा हरवलेला कर्ता वाक्यात परत आणण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

छापील मासिकांच्या काळात पुष्कळ संपादक वर्षारंभीचा अंक व्ही. पी.ने रवाना करीत. वाचकाने व्ही. पी. सोडवली तर वर्गणी हाती येई. परत आली तर टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडे. अनिच्छुक वाचकाची किंमत अशा रीतीने रुपये-आण्यांत तत्काळ कळत असे. ईमेलच्या व्यवहारातही ती किंमत आहेच. मात्र ती दृष्टीआड राहते, आणि तिचा भार इच्छुक वाचकांवरही पडतो.

तो कसा पडतो, हे पाहणे उद्‌बोधक आहे. न मागता आलेल्या पत्रिकेस वाचक ‘स्पॅम’ अशी खूण करतो. ईमेल सेवा ह्या खुणांची नोंद ठेवतात व तीवरून त्या प्रेषकाची पत ठरवतात. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे मोठ्या प्रमाणावर टपाल पाठवणाऱ्यांना, म्हणजे दिवसाला ५,००० किंवा अधिक संदेश पाठवणाऱ्यांना, काही अटी घातल्या. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ह्या पद्धतींनी प्रेषकाची ओळख सिद्ध झाली पाहिजे. एका टिचकीने यादीतून बाहेर पडता आले पाहिजे. आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाता कामा नये, ते ०.१ टक्क्याच्या खालीच असावे. ०.३ टक्का म्हणजे हजारात तीन. विद्यापीठीय विभागाची पत्रिका दिवसाला ५,००० संदेश क्वचितच पाठवते. परंतु तक्रारींमुळे पत घसरण्याचा नियम लहान प्रेषकासही चुकत नाही. परिसंवादाच्या हजेरीपटावरून उचललेली पाचशे नावे यादीत घातल्याने यादी एका दिवसात फुगते खरी. पण पत घसरली की शिष्यवृत्तीच्या मुदतीची सूचना, जिने ती मागितली होती त्या विद्यार्थिनीच्याही नको असलेल्या टपालात जाऊन पडते.

वाढीचे गणितही सामान्य समजुतीहून निराळे आहे. समजा, एका पत्रिकेस दरमहा २० नवे वाचक मिळतात व यादीतील २ टक्के वाचक दरमहा गळतात. यादी ५०० ची असता १० गळतील व वाढ १० ची होईल. यादी १,००० ची झाली म्हणजे गळणारेही २० च होतील आणि वाढ थांबेल. आता नवे वाचक तितकेच ठेवून गळतीचे प्रमाण १ टक्क्यावर आणले, तर हीच मर्यादा २,००० पर्यंत जाते. म्हणजे आलेला वाचक टिकवणे हे नवा वाचक मिळवण्याइतकेच फलदायी आहे. आणि टिकतो तो प्रायः स्वेच्छेने आलेला वाचक.

ही स्वेच्छा व्यक्त होते ती भाषेतून. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत तर कृती करतात, हा विचार मांडला. संमती देणे ही अशीच वाचिक कृती होय, आणि ती दुसऱ्याच्या वतीने सहसा करता येत नाही. ‘आपले नाव यादीत समाविष्ट करण्यात आले आहे’ ह्या कर्मणी वाक्यात कृती घडून गेलेली आहे. ती कोणी केली हे मात्र लुप्त आहे. मराठी कार्यालयीन भाषेस ही रचना अंगवळणी पडलेली असल्याने तिच्यातील उणीव लक्षात येत नाही.

संमती वाचकाच्याच मुखाने वदवावी, तर मराठीत एक अडचण उभी राहते. ऑस्टिन यांच्या इंग्रजी उदाहरणांतील प्रथमपुरुषी वर्तमानकाळी क्रियापद लिंगभेद दाखवत नाही. मराठीत मात्र ‘मी संमती देतो’ किंवा ‘मी संमती देते’ असे लिहावे लागते, आणि अर्जावर ‘देतो/देते’ अशी तिरकी रेघ येते. ‘मला ही पत्रिका हवी आहे’ ह्या रचनेत क्रियापद पत्रिकेशी जुळते, म्हणून वाचकाच्या लिंगाचा प्रश्न उरत नाही. तथापि हे वाक्य इच्छा सांगते, विनंती करत नाही. ‘ही पत्रिका मला दरमहा पाठवा’ हे आज्ञार्थी वाक्य दोन्ही गरजा भागवते. त्यात लिंगभेद नाही, मागणी स्पष्ट आहे, आणि काय व किती वेळा यावयाचे हेही त्यातच सांगितले आहे.

‘आपण’ ह्या सर्वनामाबद्दलही सावध असावे. ‘आपण घेऊ’ व ‘आपण घ्याल’ यांतील भेद क्रियापदाने उलगडतो. परंतु ‘आपली पत्रिका, आपले नाव’ अशा शब्दांत पहिले ‘आपली’ सर्वांचे आणि दुसरे ‘आपले’ समोरच्याचे, हे वाचकाने ताडावयाचे असते. निमंत्रणात जिव्हाळा हवा. संमतीच्या वाक्यात मात्र निःसंदिग्धपणाच हवा.

कायद्याची अपेक्षाही हीच आहे. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, विनाअट व निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली असावी, आणि परत घेणे हे देण्याइतकेच सुलभ असावे. संमतीची सूचना इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्यायही द्यावा लागतो; ह्या अनुसूचीत मराठीसह २२ भाषा आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयक कलमांचा अंमल त्यानंतर अठरा महिन्यांनी सुरू व्हावा अशी योजना आहे. तेव्हा मराठीतील संमतीचे वाक्य हा ह्यापुढे केवळ शैलीचा विषय राहत नाही.

ह्या विवेचनावरून व्यवहाराची दिशा ठरते. परिसंवादात हजेरीपटाशेजारी स्वतंत्र कागद ठेवावा व त्यावर वरील आज्ञार्थी वाक्य छापावे. निमंत्रणासोबत एक जुना अंक वाचावयास द्यावा, म्हणजे वाचक काय मागतो आहे हे त्यास कळेल. नाव नोंदवल्यावर पुष्टीचा संदेश पाठवावा आणि उत्तर आले तरच पत्ता यादीत घ्यावा. चुकीचे पत्ते येथेच गळतात. अंक किती जणांनी उघडला ह्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयता-सोयीमुळे अंक न वाचताही तो उघडल्याची नोंद होऊ शकते. आलेली पत्रोत्तरे हे त्याहून विश्वसनीय गमक होय. आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी, बारीक टंकात न दडवता, ‘ही पत्रिका मला पाठवू नका’ हे वाक्यही असावे. ज्या वाक्याने वाचक आला त्याच घडणीच्या वाक्याने त्यास जाता येईल, अशी सोय असली म्हणजे यादीत उरलेले प्रत्येक नाव वर्गणीदार ह्या जुन्या शब्दास पात्र ठरते.