घरातील संगणकांचे जाळे : वेग कोठे अडतो?

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते प्रयोगशाळेत आम्हांला आधी मोजायला लावीत आणि मगच कारण सांगू देत. त्या शिस्तीचा उपयोग मला अलीकडे एका घरगुती प्रसंगात झाला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

बडोद्यातील आमचे घर जुने; भिंती दीड हात जाड. इंटरनेटची जोडणी सेकंदाला 300 मेगाबिटांची. तरीही माडीवरच्या खोलीत नातीची प्रवेशाची मुलाखत दोनदा मध्येच तुटली. आठ दिवसांनी तिला शेवटची संधी मिळणार होती. मी सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देणारे पत्र लिहिले आणि अधिक महाग योजना घ्यायला निघालो. तेवढ्यात गुरुजी आठवले.

प्रथम एककाविषयी. 8 बिटांचा 1 बाइट. म्हणून 300 मेगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर 37.5 मेगाबाइट. हा वेग घरातील सर्व यंत्रे वाटून घेतात. कंपनीकडून घराला बहुधा एकच पत्ता मिळतो. राउटर आतल्या प्रत्येक यंत्राला निराळा खासगी पत्ता देतो व बाहेरून आलेले उत्तर ज्याचे त्याला पोचवितो. वाड्याच्या दारावर टपाल घेऊन बिऱ्हाडांत वाटणाऱ्या दरवानाचेच हे काम.

आता मोजमाप. ओसरीतल्या राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर 290 मेगाबिट मिळाले. म्हणजे कंपनी निर्दोष होती. माजघरातल्या स्विचवर 94, आणि माडीवर बिनतारी अवघे 11. अडथळे घरातच होते, आणि तेही दोन.

94 हा आकडा बोलका आहे. 1995 साली प्रमाणित झालेल्या 100 मेगाबिटांच्या पद्धतीत प्रत्यक्ष हाती सुमारे एवढेच पडते. मी गिगाबिट स्विच आणला. आकडा हलला नाही. मग भिंतीवरची जोडणी उघडून पाहिली. केबलमध्ये 8 तारांच्या 4 जोड्या होत्या, पण त्यांतल्या दोनच जोडलेल्या होत्या. जुन्या पद्धतीला दोन जोड्या पुरतात. 1999 साली ठरलेल्या गिगाबिट पद्धतीला चारही लागतात. उरलेल्या जोडताच माजघरात 290 मिळू लागले.

माडीचा प्रश्न भिंतींचा होता. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने बऱ्या पार होतात, पण तेथे शेजारपाजारच्या वाय-फायची गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. मध्ये रिपीटर ठेवावा, तर एकाच रेडिओने ऐकायचे आणि बोलायचे असल्यास वेग जवळजवळ निम्मा होतो. म्हणून मी जिन्याच्या कडेने केबल वर नेली आणि तिच्या टोकाला दुसरे वाय-फाय यंत्र बसविले. त्याचे पत्ते वाटण्याचे काम मात्र बंद केले. एका वाड्याला दोन दरवान झाले की टपाल चुकते.

नियोजनाचे सूत्र यातूनच निघते. कागदावर घराचा नकाशा काढावा, जागोजागी वेग मोजून त्यावर लिहावा. जी यंत्रे जागची हलत नाहीत त्यांना तार द्यावी. हवा हातातल्या यंत्रांसाठी मोकळी ठेवावी. अशा केबलची मर्यादा 100 मीटरांची आहे, ती घराला पुरून उरते. योजना वाढविण्याचा विचार सर्वांत शेवटी.

नातीची मुलाखत चाळीस मिनिटे अखंड चालली. जोडणी तीच, 300 मेगाबिटांची. कंपनीला लिहिलेले पत्र मी फाडून टाकले.