छत्रीवर गावची यात्रा का दिसत नाही?

अमळनेरच्या एखाद्या गच्चीवर उभे राहून डीडी फ्री डिशची छत्री पाहा. तिचे तोंड आग्नेयेकडे असते. तिकडे क्षितिजापासून सुमारे 58 अंश उंचीवर, विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाशी, जीसॅट-15 हा उपग्रह आहे. त्याचे प्रक्षेपण 2015 साली झाले.

या छत्रीवर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी दिसते. परंतु वैशाखात बोरीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा रोज दाखविणारी खास अमळनेरची वाहिनी काढली, तर ती छत्रीवर का मिळू नये?

याचे उत्तर तरंगांच्या स्वभावात आहे. तबकडीतून निघालेला झोत पसरत जातो. ढोबळ हिशेब असा:

झोताची रुंदी = तरंगलांबी × अंतर ÷ तबकडीचा व्यास

येथे तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर आणि अंतर सुमारे 36,000 किलोमीटर. उपग्रहावर 2 मीटर व्यासाची तबकडी असेल, तर झोत जमिनीवर 450 किलोमीटर रुंद होईल. तो नेमका अमळनेरवर रोखला, तरी त्यात नाशिक आणि इंदूरही येतील! केवळ 10 किलोमीटरचे वर्तुळ उजळावयाचे, तर तबकडी 90 मीटर व्यासाची हवी. एवढी तबकडी उपग्रहावर कशी मावणार?

शिवाय जीसॅट-15 चा केयू पट्ट्यातील झोत मुद्दामच साऱ्या भारतावर पसरविलेला आहे. त्यासाठी उपग्रहावर 24 ट्रान्सपाँडर आहेत. एकावर अनेक वाहिन्या बसतात, पण जागा मोजकीच. अमळनेरची वाहिनी तेथे चढविली, तर ती लेहपासून कन्याकुमारीपर्यंत जागा अडवील, आणि पाहणारे मात्र एका गावचे!

अमेरिकेत काही उपग्रह अरुंद झोत टाकतात. एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांत तीच कंप्रता पुन्हा वापरून ते तेथील स्थानिक वाहिन्या पोहोचवितात. पण असा झोतही एका गावापुरता नसतो.

केबलची गोष्ट निराळी. तारेतील तरंग तारेतच राहतात. म्हणून अमळनेरच्या तारेत जी कंप्रता वापरली, तीच पारोळ्याच्या तारेत दुसऱ्या वाहिनीला खुशाल वापरता येते. गावची वाहिनी केबलवर सोयीने चालते, ती यामुळेच.

आता एक गणित तुमच्यासाठी: तबकडीचा व्यास तोच ठेवून तरंगलांबी निम्मी केली, तर झोताचे क्षेत्रफळ किती पटींनी कमी होईल?